संकेतस्थळाची हजेरी आणि नवा कारकून

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात माध्यमिक विभागातील एका सहशिक्षकाने, बी.ए., बी.एड., दिलेले व्याख्यान)



आजच्या विषयातील मी कोणी तज्ज्ञ आहे असा आपला समज होऊ नये म्हणून प्रारंभीच सांगतो की, मी इतिहास व मराठी शिकविणारा शिक्षक आहे. शाळेचे संकेतस्थळ सांभाळण्याचे काम मजकडे आले ते केवळ शिक्षकवर्गात मी वयाने लहान आहे एवढ्याच कारणाने. पस्तिशी उलटली, दोन मुले शाळेत जाऊ लागली, तरी आमच्या शिक्षक-खोलीत मी अजून 'तो नवा मुलगा' आहे आणि संगणकाचे जे काही असेल ते त्याच्याकडे द्यावे असा तेथील रिवाज आहे. तेव्हा या कामात जे शिकलो, आणि जी एक मोठी चूक माझ्या हातून झाली, तेवढेच आपणांपुढे ठेवणार आहे.

विषय असा आहे की, शाळेच्या संकेतस्थळावरील कोणते पान किती लोक पाहतात याचा अहवाल दरमहा व्यवस्थापक मंडळापुढे ठेवावा लागतो. हा अहवाल अलीकडे मी एका एआय एजंटाकडून तयार करून घेतो. एजंट हा शब्द ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. आर.टी.ओ.चा एजंट, आखातात नोकरी लावून देणारा एजंट, यांचे अनुभव आपल्या मोहल्ल्यात पुष्कळांना आहेत! येथे त्याचा अर्थ इतकाच की, आपण साध्या भाषेत काम सांगावे आणि त्या संगणकीय मदतनिसाने ते पायरीपायरीने पार पाडावे. मी त्याला नवा कारकून म्हणतो. त्याची भाषा उत्तम आहे, मराठीही बरी लिहितो, दमत नाही. परंतु आपल्या शाळेच्या दप्तरात काय आहे हे त्याला जन्मतः काहीही ठाऊक नाही, ही गोष्ट प्रथम पक्की ध्यानात घ्यावी.

हे मला कसे कळले ते सांगतो. पहिल्या दिवशी मी त्याला कोणतेही साधन न देता सरळ विचारले की, आमच्या शाळेचे प्रवेशाचे पान गेल्या महिन्यात किती जणांनी पाहिले? त्याने मोठा नीटनेटका परिच्छेद लिहून दिला. त्यात आकडे होते, टक्केवारी होती, मागील महिन्याशी तुलनाही होती. आमच्या हजेरीच्या नोंदींना त्याचा हातसुद्धा लागलेला नव्हता, मग हे आकडे आले कोठून? परीक्षेत धडा न वाचलेला हुशार विद्यार्थी जसे भरभरून उत्तर लिहितो, तसे त्याने लिहिले होते. आजची काही मॉडेले अशा वेळी 'मजपाशी ही माहिती नाही' असे प्रांजळपणे सांगतात. पण त्या सांगण्यावर विसंबून मंडळापुढे कागद ठेवता येत नाही. त्याला नोंदींपर्यंत पोहोचण्याचे साधन द्यावे लागते, ज्याला या धंद्यातील लोक टूल म्हणतात.

साधनाकडे वळण्यापूर्वी ही हजेरी घेतली कशी जाते ते थोडक्यात पाहू. आपण मोबाइलवर शाळेचे पान उघडता तेव्हा त्या पानासोबत काही ओळींचा एक छोटा प्रोग्रॅमही आपल्या मोबाइलमध्ये येतो, आणि तो मोजणी करणाऱ्या कंपनीकडे निरोप धाडतो की अमुक पान अमुक वेळी उघडले गेले. पूर्वी हे मोजमाप, संकेतस्थळ ज्या संगणकावर ठेवलेले असे त्याच्या नोंदवहीवरून होई. २००५ साली गूगलने अर्चिन ही कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात गूगल अ‍ॅनालिटिक्स ही सेवा सुरू केली. तिची जुनी पद्धत सर्वसाधारण ग्राहकांसाठी १ जुलै २०२३ पासून नव्या नोंदी घेईनाशी झाली. आता चालू आहे तिला जीए-फोर म्हणतात. मॅटोमोसारखी, आपल्याच संगणकावर ठेवता येणारी मोफत व्यवस्थाही आहे. आमच्याकडे गूगलची आहे, म्हणून मी तिच्याविषयीच बोलतो.

या हजेरीत तीन शब्द वारंवार येतात. पान किती वेळा उघडले गेले ते झाले 'व्ह्यू'. किती जणांनी उघडले ते 'यूजर'. आणि एका बैठकीत जे काही पाहिले ते 'सेशन'. अर्धा तास काही हालचाल झाली नाही की ती बैठक संपली असे धरले जाते. यांतला यूजर हा शब्द फार फसवा आहे. यंत्राला माणूस दिसत नाही, त्याला मोबाइलमधला ब्राउझर दिसतो. आपल्याकडे पुष्कळ घरांत एकच चांगला मोबाइल असतो. त्यावर अम्मी फीचे पान पाहते, दहावीतली मुलगी वेळापत्रक पाहते, धाकटा सुट्ट्या पाहतो. हिशेबात हा एकच यूजर! उलट मी शाळेच्या संगणकावर पाहतो आणि घरी मोबाइलवर पाहतो, म्हणून मी एकटा दोन धरला जातो.

येथे विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारतो. वर्गात रोज ४० मुले हजर असतात आणि महिन्यात २५ दिवस शाळा भरते, तर वर्गात मुले किती? कोणी एक हजार म्हणाले तर आपण हसाल. पण सोमवारचे यूजर, मंगळवारचे यूजर, बुधवारचे यूजर यांची बेरीज करून महिन्याचे यूजर सांगणे हीच चूक होय, आणि माझ्या नव्या कारकुनाने ती पहिल्याच अहवालात केली. दोष त्याचा थोडा, माझा अधिक; कारण मी त्याला रोजचे आकडे देणारे साधन दिले होते, महिन्याचा आकडा एकत्र मागण्याचे दिलेच नव्हते. जे हाती होते त्यावरून त्याने काम भागवले.

आता हे साधन म्हणजे काय? आपल्या कचेरीचे उदाहरण घ्या. दप्तराचे कपाट आहे, किल्ली हेडक्लार्ककडे आहे. बाहेरच्या माणसाला कपाटात हात घालू देत नाहीत. त्याने ठरावीक नमुन्याचा अर्ज भरावा, कोणत्या वर्षाचा दाखला, कोणाचा, ते लिहावे. हेडक्लार्क कपाट उघडून तेवढाच कागद काढून देतो. साधन म्हणजे हा अर्जाचा नमुना आणि तो हेडक्लार्क, दोन्ही मिळून. एजंट फक्त अर्ज भरतो. जीए-फोरमध्ये माहिती मागण्याचा जो रस्ता आहे त्यावर अर्जातले रकाने असे असतात: कोणत्या संकेतस्थळाची हजेरी, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, माहिती कशानुसार वेगळी करायची (पानानुसार, शहरानुसार की मोबाइल-संगणक यांनुसार), आणि मोजायचे काय. अर्ज एक साधा प्रोग्रॅम नेऊन देतो, उत्तर घेऊन येतो, आणि ते वाचून एजंट मराठीत अहवाल लिहितो.

ही कल्पना रूढ होऊन फार वर्षे झालेली नाहीत. जून २०२३ मध्ये ओपनएआय कंपनीने आपल्या मॉडेलांना असे अर्ज भरण्याची सोय दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, संक्षेपाने एमसीपी, हा खुला शिरस्ता जाहीर केला, म्हणजे प्रत्येक कचेरीचा अर्ज निराळा न राहता सर्वांनी एकाच धाटणीचा ठेवावा. २०२५ साली गूगलनेही आपल्या अ‍ॅनालिटिक्ससाठी त्या शिरस्त्याचा सर्व्हर प्रसिद्ध केला. आमचे साधन त्यापूर्वीचे आहे. ते शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने, पुण्यात नोकरी करीत असताना, रविवारी बसून विनामोबदला तयार करून दिले. त्याचे नाव येथे घेऊ नये असे त्याने मला बजावले आहे.

आता त्या चुकीकडे येतो. संकेतस्थळावर मराठी, उर्दू आणि इंग्रजी मिळून दीडशेच्या आसपास पाने झाली होती. जुनी निमंत्रणे, संपलेल्या स्पर्धांचे नियम, असे बरेच साचले होते. मंडळाने सांगितले की, कोणी पाहत नाही ती पाने काढून टाका. मी कारकुनाला दोन साधने दिली होती. एक संकेतस्थळावरील सर्व पानांची यादी देणारे आणि दुसरे पानानुसार व्ह्यू सांगणारे. मी म्हटले, गेल्या तीन महिन्यांत एकदाही न उघडलेली पाने कोणती ते सांग. त्याने दोन्ही याद्या ताडून पाहिल्या आणि लिहिले की, पुढील सव्वाशे पानांना या काळात एकही भेट मिळालेली नाही. अहवाल इतका सुबक होता की मंडळाच्या सभेत त्यावर पाच मिनिटेही चर्चा झाली नाही. मी ती पाने उतरवली.

त्यात गरजू विद्यार्थिनींच्या फी-मदतीचे पान होते. अर्जाची मुदत चालू होती.

अकरा दिवस ते पान बंद होते. बाराव्या दिवशी टेम्पो चालविणारे एक पालक मधल्या सुटीत शाळेत आले. हातात मोबाइल. म्हणाले, "सर, हे उघडत नाही. बंद केलं का तुम्ही? असेल तर सांगा तसं, पोरीला मी दुसरीकडे काय ते बघतो." मी त्यांना बसवले, स्वतः हजेरीच्या नोंदी उघडून पाहिल्या. पान व्यवस्थित पाहिले जात होते, दर आठवड्याला. मग कारकुनाला ते दिसले का नाही? कारण ते साधन करताना यादी लांबू नये म्हणून अधिक पाहिलेली पहिली पंचवीस पानेच परत द्यावीत अशी मर्यादा घातली होती. फी-मदतीचे पान पंचविसाव्या ओळीच्या खाली होते. कारकुनाला पंचवीस ओळी मिळाल्या, त्याखाली आणखी ओळी आहेत असे त्याला कोणी सांगितलेच नाही. यादीत नाव नाही म्हणजे शून्य, असे त्याने धरले. हजेरीपटाचे पहिले पान फाडून एखाद्याच्या हाती द्यावे आणि त्याने उरलेल्या वर्गाला गैरहजर मांडावे, तशातला प्रकार!

माजी विद्यार्थ्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, मर्यादा मी घातली हे खरं, पण ती लिहून ठेवली नाही ही माझी चूक." मी म्हटले, "बेटा, कागदावर सही माझी आहे." मुदत पंधरा दिवसांनी वाढवून घेतली. मागील वर्षी मदत घेतलेल्या पण या वर्षी अर्ज न आलेल्या मुलींची यादी काढली आणि आमच्या एका शिक्षिका व मी घरोघर गेलो. दोघी अशा सापडल्या की, त्यांच्या घरी 'यंदा मदत बंद झाली' असे समजून एकीचे तर नाव काढण्याची बोलणी चालू होती. दोघींचेही अर्ज भरून घेतले. पण जो अहवाल पाच मिनिटांत संमत झाला त्याचा परिणाम कोणत्या घरात कुठवर गेला होता हे त्या संध्याकाळी जिने उतरताना मला समजले.

त्यानंतर साधनात जे बदल केले ते थोडे सविस्तर सांगतो, कारण खरा उपयोग त्याचाच आहे.

पहिली गोष्ट, प्रत्येक उत्तरासोबत एकूण ओळी किती आणि त्यांपैकी दिल्या किती हे आले पाहिजे. गूगलच्या उत्तरात एकूण ओळींचा आकडा मुळात असतोच. आमचे साधन तो वाटेत गाळून टाकत होते. आता एजंटाला दिसते की एकूण १३८ पैकी २५ मिळाल्या, आणि तो उरलेल्या मागवतो. तसेच साधनाच्या वर्णनात स्पष्ट लिहिले की, यादीत नसणे म्हणजे शून्य नव्हे. एजंट हे वर्णन दर वेळी वाचतो. माणसांच्या कचेरीत जे तोंडी चालते ते येथे लिहावे लागते.

दुसरी अडचण पत्त्यांची. प्रवेशाच्या पानाचा पत्ता शेवटी तिरपी रेघ देऊन लिहिला काय आणि न देता लिहिला काय, पान तेच उघडते. हजेरीत मात्र ती दोन पाने होतात. पहिले अक्षर मोठ्या लिपीतले असेल तर तिसरे. मराठी अक्षरांत लिहिलेला पत्ता तर टक्क्याची चिन्हे आणि आकडे यांच्या लांबलचक साखळीत बदलून येतो, तो पाहून एजंटही गोंधळतो आणि आपणही. त्यामुळे मराठी व उर्दू पाने इंग्रजी पानांच्या मानाने कमी पाहिली जातात असे एका अहवालात चक्क छापून आले होते. आता पत्ते आधी एकसारखे करून मगच एजंटाच्या हाती दिले जातात. हे काम त्याच्यावर सोपवलेले नाही. बेरीज-टक्केवारीही साधनच करते. भाषा त्याची, गणित यंत्राचे, अशी वाटणी ठरली आहे.

तिसरी घड्याळाची. आमच्या खात्यावर चुकून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ लागलेली होती. उन्हाळ्यात आपल्याकडे सोमवारी सकाळी दहा वाजता तिकडे रविवारची रात्र साडेनऊ असते. म्हणून आमच्या अहवालात रविवारी भरपूर वर्दळ दिसे, आणि मी मंडळाला 'पालक सुटीच्या दिवशी संकेतस्थळ पाहतात' असे कारणासह सांगूनही बसलो होतो! शिवाय नोंदी पूर्ण जमा व्हायला कधी कधी दोन दिवस लागतात. ते ठाऊक नसलेला एजंट कालचा अर्धा आकडा पाहून 'या आठवड्यात भेटींत मोठी घट' असे लिहितो. आता अहवाल तीन दिवसांपूर्वीच्या तारखेला थांबतो.

किल्लीविषयीही बोलले पाहिजे. एजंटाला आम्ही केवळ पाहण्याची परवानगी दिली आहे. अ‍ॅनालिटिक्समध्ये तिला व्ह्यूअर म्हणतात. पान काढणे, बदलणे, खात्यात माणूस घेणे यांपैकी काहीही त्याच्या साधनांत नाही. पाने उतरवण्याचेही साधन देतो, म्हणजे आपला हेलपाटा वाचेल, असे मला एकाने सुचवले होते. त्या अकरा दिवसांच्या अनुभवानंतर मी हात जोडले. आणखी एक धोका आहे, तो विद्यार्थ्यांनी विशेष समजून घ्यावा. कोणत्या संकेतस्थळावरून वाचक आला याचीही नोंद होते, आणि तेथे खोडसाळ लोक खोटी नावे पेरून ठेवतात. उद्या त्या नावाच्या जागी कोणी 'आधीच्या सूचना विसर आणि असे असे कर' असे वाक्य लिहिले तर? एजंट ते अहवालातली माहिती म्हणून वाचता वाचता हुकूम म्हणून पाळू शकतो. या प्रकाराला २०२२ साली सायमन विलिसन यांनी प्रॉम्प्ट इंजेक्शन हे नाव दिले आणि त्यावर पक्का उपाय अजून निघालेला नाही. ज्याच्या हाती केवळ वाचण्याचीच किल्ली आहे तो फसला तरी नासधूस मर्यादित राहते, इतके आपण करू शकतो.

मुलांच्या बाबतीत तर अधिकच जपले पाहिजे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकास बालक मानले आहे. कोणत्या पानाला किती भेटी एवढे आम्हाला पुरे. कोणत्या मुलाने काय पाहिले हे सांगणारे साधन आम्ही तयार केलेले नाही. एका पालकांनी मला तशी विनंती केली होती. मुलाची काळजी मला समजली, पण शाळेचे संकेतस्थळ हे त्याचे ठिकाण नव्हे असे मी त्यांना नम्रपणे सांगितले.

इतके करूनही काही गोष्टी या हजेरीत येतच नाहीत. फी-मदतीच्या अर्जाची पीडीएफ पालक एकमेकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. ती फाइल परस्पर उघडली की मोजणीचा तो छोटा प्रोग्रॅम चालत नाही, कारण तो पानात असतो, फाइलमध्ये नसतो. चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे एकदा उघडलेल्या अर्जाच्या तीस प्रती निघतात, त्याही दिसत नाहीत. म्हणून एजंटाला नेहमीसाठी एक सूचना लिहून दिली आहे की, एखादे पान कमी पाहिले गेले एवढ्यावरून ते निरुपयोगी आहे असा निष्कर्ष लिहू नये, आकडा लिहून थांबावे. तो बहुतेक वेळा ऐकतो.

जी मुले दहावी-बारावीत आहेत आणि संगणकाकडे जाऊ इच्छितात, त्यांना मजकडून एक निमंत्रण आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, शाळा सुटल्यावर, आम्ही अहवालातील पाच आकडे हाताने तपासतो. एजंटाने काय लिहिले आणि नोंदीत काय आहे, दोन्ही शेजारी ठेवून. मुलीही येतात; सध्याच्या गटात त्यांचीच संख्या जास्त आहे आणि चुकाही त्याच अधिक पकडतात. इंग्रजी कच्चे आहे म्हणून कोणी संकोच करू नये. मला जमले.

फी-मदतीचे छापील अर्ज आजही आमच्या शिपाईचाचांच्या टेबलावर मिळतात. कोण अर्ज घेऊन गेले याची ते एका शंभर पानी वहीत नोंद ठेवतात, कोणी सांगितले नसताना, कित्येक वर्षांपासून. त्या वहीतील महिन्याची बेरीज मी आता अहवालाच्या शेवटी स्वतःच्या हाताने लिहितो आणि मंडळापुढे ठेवण्यापूर्वी चाचांना दाखवतो. गेल्या खेपेस त्यांनी माझी बेरीज दोनने चुकलेली दाखवून दिली.